सत्तांतर आणि झोपडपट्टी पुनर्वसन (मुंबई)

मुंबईतील झोपडपट्टीविषयक धोरण व त्यासाठीचा निधी यांवर राज्यातील आणि केंद्रातील सत्ताबदलाचा झालेला परिणाम. या संदर्भात १९९५ या वर्षाचा उल्लेख सर्वाधिक होतो. मार्च १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचे शासन आले. चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन युतीने निवडणुकीत दिले होते. दिनेश अफझुलपूरकर समितीच्या अहवालानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (झोपु प्राधिकरण) अस्तित्वात आले.

‘झोपु’ योजनेचा उगम सत्तांतरात आहे की नाही, याविषयी मतभेद आहेत. प्रचलित मत तो १९९५ मध्ये मानते. दुसऱ्या मतानुसार योजनेचा सांगाडा काँग्रेसच्या काळातील १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, विनियम ३३(१०) मध्ये, तयार झाला होता. त्या वेळच्या झोपडपट्टी पुनर्विकास योजनेत विकासकाला २.५ पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) मिळे, रहिवाशाला १८० चौरस फुटांचे घर काही रक्कम भरून मिळे आणि विकासकाच्या नफ्यावर २५ टक्क्यांची मर्यादा होती. युती शासनाने विनियमाचा क्रमांकही तोच ठेवला. रहिवाशाचा वाटा व नफ्याची मर्यादा काढली, घर २२५ चौरस फुटांचे केले आणि जागेवर न वापरता येणारे बांधकाम हस्तांतरणीय विकास हक्काच्या (टीडीआर) रूपाने अन्यत्र नेण्याची मुभा दिली. हे बदल महत्त्वाचे असले, तरी झोपडीखालच्या जमिनीच्या किमतीतून झोपडीवासीयाचे घर उभारण्याचे मूळ सूत्र आधीचेच आहे. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

खरा सांधा त्याही आधी बदलला. १९८५ च्या सुमारास सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्या साहाय्याच्या श्रेणीवाढ (आहे त्या जागीच वस्ती सुधारण्याच्या) कार्यक्रमात रहिवाशांच्या सहकारी संस्थेला जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जाई व घर ज्याचे त्याने सुधारायचे असे. तेथून बहुमजली इमारतीकडे झालेले वळण एकाच पक्षाच्या राजवटीत पडले. सत्तांतराशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

पात्रता दिनांकाची, म्हणजे ज्या तारखेपूर्वीची झोपडी पुनर्वसनास पात्र धरली जाते तिची, कथाही अशीच आहे. १९७६ च्या झोपडी गणनेनंतर फोटोपास (झोपडीधारकाची छायाचित्र असलेली ओळखपत्रे) देण्यात आले. पदपथ व झोपडीवासीयांना हटवण्याविषयीच्या ओल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने त्या गणनेतील ओळखपत्रधारकांना पर्यायी जागा देण्याचे सांगितले. पुढे १९८०, १९८५ व १ जानेवारी १९९५ असे दिनांक पुढे सरकत गेले. २००४ च्या निवडणुकीत काँग्रेसने २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षणाचे आश्वासन दिले. निवडून आल्यावर काही आठवड्यांतच, २००४-०५ च्या हिवाळ्यात, १९९५ नंतरच्या झोपड्यांवर मोठी तोडमोहीम झाली. दिनांक कायद्याने २००० वर नेण्यास २०१४ उजाडले, आणि तेही पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर. त्यानंतरच्या शासनाने २००० ते २०११ दरम्यानच्या झोपड्यांसाठी सशुल्क घराची तरतूद केली. रहिवाशाच्या दृष्टीने हा सारा प्रश्न परिशिष्ट दोनमधील (पात्र-अपात्र रहिवाशांच्या अधिकृत यादीतील) एका ओळीचा असतो: मतदारयादीत नाव आहे की नाही, वीजबिल कोणत्या वर्षाचे आहे, झोपडी कोणाच्या नावावर आहे.

निधीच्या बाबतीत सत्तांतराचा परिणाम अर्थसंकल्पात शोधून फारसे हाती लागत नाही. योजनेचा पैसा विक्री घटकातून, म्हणजे विकासक खुल्या बाजारात विकतो त्या बांधकामातून, येतो. म्हणून मालमत्तेचे भाव पडले की योजना अडते, मग सत्तेवर कोणीही असो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तसे घडले आणि खासगी विकासक मागे हटल्यावर १९९८ मध्ये शिवशाही पुनर्वसन प्रकल्प ही शासकीय कंपनी काढावी लागली. १९९९ मध्ये आलेल्या काँग्रेस-राष्ट्रवादी शासनाने, विरोधात असताना केलेली टीका बाजूला ठेवून, प्राधिकरण कायम ठेवले.

सत्तांतराचा थेट आघात दिसतो तो एकेका प्रकल्पाच्या निविदेवर. धारावीचा पुनर्विकास हे त्याचे ठळक उदाहरण. २०१८ मध्ये मागवलेल्या निविदेत सेकलिंक कंपनीची ७,२०० कोटी रुपयांची बोली सर्वोच्च ठरली. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडीचे शासन आले. रेल्वेची जमीन नंतर प्रकल्पात समाविष्ट झाल्याच्या कारणावरून त्या शासनाने २०२० मध्ये निविदा रद्द केली. जून २०२२ मधील सत्ताबदलानंतर नव्या अटींसह निविदा निघाली व नोव्हेंबरमध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली सर्वोच्च ठरली. दोन्ही आकड्यांची थेट तुलना केली जाते. अटी वेगळ्या असल्याने ती जपून करावी. सेकलिंकची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

केंद्रीय निधीत नामांतराची प्रथा अधिक रूढ आहे. राजीव गांधी यांनी १९८५ मध्ये मुंबईसाठी १०० कोटी रुपयांचे अनुदान जाहीर केले होते. वाजपेयी शासनाची वाल्मीकी आंबेडकर आवास योजना (२००१) २००५ नंतर जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात विलीन झाली, आणि राजीव आवास योजनेची जागा २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली.