जुन्या पिस्तुलाला कारखान्याचा दाखला का नाही?

अमेरिकेत पिस्तुलं बनवणाऱ्या काही कंपन्या आपलाच वापरलेला माल परत घेतात. त्यातला बराचसा पोलिसांकडून येतो. एखाद्या शहराच्या पोलिसांनी नवं मॉडेल घेतलं की जुनी पिस्तुलं मोबदल्यात जातात, मोटारसायकल एक्स्चेंजला द्यावी तशी. कंपनी ती खोलते, थकलेल्या स्प्रिंगा बदलते, गोळ्या झाडून बघते आणि 'सर्टिफाइड प्री-ओन्ड' म्हणून पुन्हा विकते. शब्दसुद्धा मोटारींच्या बाजारातूनच उचललेला.

आपल्याकडेही जुन्या पिस्तुलांचा बाजार आहे आणि तो चांगला मोठा आहे. पण हत्यार कारखान्यात परत जाऊन दाखला घेऊन बाहेर येतं, ही वाटच इथे नाही. लोक याचं खापर सरकारी कारखान्यांच्या आळसावर फोडतात. ते अर्धंच खरं आहे. खरी मेख 'प्रोहिबिटेड बोअर', म्हणजे निषिद्ध बोअर, या दोन शब्दांत आहे. बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी.

इंग्रजांचा १८७८चा शस्त्र कायदा सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे तो सोडून देऊ. आजचा कायदा १९५९चा, आणि तो अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ला. त्याच वर्षीच्या नियमांत शस्त्रांची वर्गवारी झाली. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर कोणती सामान्य माणसाला मिळतील आणि कोणती नाहीत, हे ठरवताना गोळी किती घातक हा निकष लावलाच नाही. निकष असा की त्यात फौजेचं काडतूस बसतं का? .३८० आणि .४५५ इंचाची रिम (पेंद्याला बाहेर आलेली कड) असलेली काडतुसं किंवा फौजेचं ९ मिलिमीटर ज्यात बसून उडेल, ते निषिद्ध. त्या काळी यामागे हिशेब होता. दारूगोळ्याच्या कोठारातून चोरलेली काडतुसं बाहेरच्या हत्यारात चालूच नयेत.

आता याचा परिणाम बघा. .३५७ मॅग्नम हे ९ मिलिमीटरपेक्षा जोरकस काडतूस. पण ते आपल्या फौजेचं नाही, म्हणून त्याचं रिव्हॉल्व्हर साध्या परवान्यावर चालतं. ९ मिलिमीटरचं साधं पिस्तूल मात्र नाही.

आणि .३८०चा घोळ तर विचारूच नका. या आकड्याची काडतुसं दोन. एक जुन्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरचं. त्याला रिम असते, म्हणून ते निषिद्ध. दुसरं छोट्या पिस्तुलांचं .३८० ऑटो. त्याला बाहेर आलेली कड नाही, म्हणजे नियमाच्या शब्दांत ते बसत नाही आणि चालतं. त्यात भर म्हणजे या दुसऱ्या काडतुसाचं युरोपातलं नाव '९ मिलिमीटर कुर्त्स', म्हणजे आखूड नऊ. आजोबांच्या जर्मन वाल्थर पिस्तुलावर '९ मिमी' कोरलेलं दिसलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. टेबलापलीकडच्या कारकुनाच्या वाचनातून 'रिम्ड' हा एक शब्द निसटला, तर वैध हत्यार कागदावर निषिद्ध व्हायला वेळ लागत नाही. माझ्या मते साठ वर्षांत या एका ओळीने जेवढा मनस्ताप दिला, तेवढा बाकीच्या नियमांनी मिळून दिला नसेल.

कारखान्याच्या दाखल्याचा प्रश्नही इथेच अडतो. अमेरिकेत पोलिसांचं जुनं पिस्तूल नागरिकाला विकता येतं, म्हणून ते कंपनीकडे परत जातं. आपल्या पोलिसांची पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर मुख्यतः ९ मिलिमीटर किंवा .३८० बोअरची, म्हणजे निषिद्ध. ती कितीही कमी वापरलेली असोत, साध्या परवान्यावर विकता येत नाहीत. एकाच मॉडेलचे, एकसारखे वापरलेले हजारो नग हाताशी असतील, तरच त्यांची तपासणी करून दाखला देणं परवडतं. इथे बाजारात येतो तो सुटा माल : कुणाचे वडील गेले, कुणाला पैशांची गरज पडली, कुणी परदेशी स्थायिक झालं.

या सुट्या मालाला सोन्याचा भाव आला तो १९८०च्या दशकात. दशकाच्या मध्यात नागरी शस्त्रांची आयात व्यापाऱ्यांना बंद झाली. परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला सामानाबरोबर एखादं हत्यार आणण्याची फट राहिली, पण ते पुढे विकण्यावर बंधनं होती. सीमाशुल्कवाल्यांनी जप्त केलेली परदेशी पिस्तुलं वरच्या पदांवरच्या मंडळींना विकण्याची पद्धतही होती. सामान्य परवानाधारकाला ती दारं कधीच उघडी नव्हती, हेही लिहून ठेवायला हवं.

त्यामुळे देशात आधीच असलेला साठा तेवढा उरला. स्वातंत्र्यापूर्वीची कोल्ट आणि ब्राउनिंगची .३२ पिस्तुलं, इंग्रजी वेब्ली कंपनीची रिव्हॉल्व्हर, अधूनमधून एखादं वाल्थर. मूळ देशात काही शे डॉलरला मिळणाऱ्या हत्याराला इथे लाखांनी पैसे मोजले जाऊ लागले. किंमत हत्याराची नव्हती, ते दुसरं येणार नाही याची होती.

१९९०च्या दशकात कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आलं. ठेवण वेब्लीचीच. उघडायची कळ दाबली की नळी पुढे झुकते आणि सहाही टरफलं एकदम वर येतात. पुढे .३२ पिस्तूलही निघालं. इथे आणखी एक गोंधळ. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही वेगळी काडतुसं आहेत, एकाचं दुसऱ्यात वापरायचं नाही. परवान्यावर मात्र दोन्हीकडे बोअर '.३२'च. देशी काडतुसाच्या पेंद्यावर 'केएफ' अशी अक्षरं दिसली तर तो माल आपल्या खडकीचा.

२०१४च्या जानेवारीत कानपूरमध्येच महिलांसाठी म्हणून पाचशे ग्रॅमचं 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर निघालं. किंमत १,२२,३६० रुपये. तेवढ्यात त्या वेळी चांगली मोटारसायकल येऊन वर पैसे उरत. नव्याचे भाव असे, म्हणून जुन्याचा बाजार टिकून राहिला. २०१६च्या नियमांनंतर खासगी उत्पादकही आले, पण वापरलेला माल परत घ्यायची वाट तरीही निघाली नाही.

जुन्या मालाचा ओघ अचानक वाढला तो शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने. १९८३पासून एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत. विधेयक मांडलं तेव्हा ती मर्यादा थेट एकावर आणायचा बेत होता. त्यावर ओरड झाली. शेतावर बंदूक आणि घरात रिव्हॉल्व्हर अशी जोडी ठेवणारे कमी नव्हते, आणि वडिलोपार्जित हत्याराचं काय, हा प्रश्न तर प्रत्येक जुन्या घराण्याचा. शेवटी मंजूर झाली ती दोनची मर्यादा. वारशाने आलेलं हत्यारही त्यातच मोजायचं ठरलं. १४ डिसेंबर २०१९पासून हे लागू झालं. तिसरं शस्त्र जमा करायला वर्षभराची मुदत होती आणि त्यानंतरच्या ९० दिवसांत ते परवान्यावरून उतरणार होतं. त्या मुदतीचे महिने टाळेबंदीत गेले, ते वेगळंच. याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही.

तिसरं शस्त्र काढायचं म्हणजे ज्याला फुटकळ भाव तेच आधी जायचं. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुका दुकानांत येऊन पडल्या. पिस्तुलं लोकांनी शक्यतो घरातच मुलाच्या किंवा पत्नीच्या परवान्यावर चढवायचा प्रयत्न केला.

विक्रीची रीत १९८३च्या दुरुस्तीपासून तशीच आहे. स्वतःच्या वापरातलं हत्यार विकायला दुकानदाराचा परवाना लागत नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या हत्याराचा परवाना हवा. या सगळ्यात तपासले जातात ते घेणारा, देणारा आणि हत्याराचा नंबर. नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) झिजलेत का, रिव्हॉल्व्हरची काडतुसांची चक्री सैल होऊन हलते का, हे बघणं कुणाच्याच कामात येत नाही.

इंग्रजी हत्यारांवर प्रूफचे ठसे असतात, आणि विकणारे ते कारखान्याच्या हमीसारखे दाखवतात. तो ठसा सांगतो की हत्यार बनलं तेव्हा नळीने जादा दाबाचं काडतूस सोसलं. नंतरच्या सत्तर वर्षांत तिचं काय झालं, ते त्यात नाही. ते बघायचं तर दुकानाच्या काउंटरवर हत्यार रिकामं असल्याची खात्री करून घ्यावी, ते उघडावं, मागच्या बाजूला पांढरा कागद धरावा आणि पुढून नळीत डोकवावं. आटे धारदार दिसतात की पुसट, आणि कुठे काळे खड्डे पडलेत का, ते कागदावरून परतणाऱ्या उजेडात दिसतं. मग फ्रेमवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवून घ्यावा. जुन्या परवान्यांवर हाताने लिहिलेला १ आणि ७ पुष्कळदा सारखाच दिसतो.