लार्विकचा कॉलिन आर्चर आणि मुंबईच्या सागवानातली नौका

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, उंच आणि अरुंद शिडं, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, रेखलेला डोळा, रचून ठेवलेले रांजण आणि सुकाणूचं काम करणारी लांब वल्ही. चित्र पाचव्या शतकातलं. प्रसंग पूर्ण नावाच्या माणसाच्या बौद्ध कथेतला आहे. सोपाऱ्याहून निघालेले व्यापारी भर समुद्रात वादळात सापडतात आणि भिक्खू झालेला पूर्ण त्यांना वाचवतो. याच चित्रावरून भारतीय नौदलासाठी फळ्या दोरीने शिवलेलं एक शिडाचं जहाज गोव्यात बांधलं गेलं. 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि त्याचं नाव ‘कौंडिण्य’ ठेवण्यात आलं.

मराठवाड्यात या बातमीचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. समुद्रापासून इतक्या आत राहणाऱ्या आपल्या मुलखाचं दर्याशी असलेलं नातं आपणच विसरून गेलो आहोत. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई, हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक नोंदवहीत लिहिलेलं आहे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. आज मात्र आपल्याला नाव दिसते ती नाथसागरावर किंवा विष्णुपुरीच्या पाण्यात, मासेमारीची.

‘कौंडिण्य’ बांधणाऱ्यांपुढची खरी अडचण फार थोड्या बातम्यांत आली. अजिंठ्याचं चित्र जहाजाची एकच बाजू दाखवतं. लांबी किती, रुंदी किती, पाण्याखालचं पोट कसं होतं, हे त्यात नाही. ज्या सुतारांना ते ठाऊक होतं त्यांनी ते कागदावर कधी उतरवलं नाही, कारण त्यांचा कागद म्हणजे डोळा आणि हात. म्हणून आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाची मदत घेऊन प्रतिकृतीच्या चाचण्या कराव्या लागल्या. जगभरातल्या नौकाबांधणीची हीच गोष्ट होती. बाप मुलाला शिकवी, सुतार शागिर्दाला शिकवी, आणि साखळी तुटली की नौकाही गेली.

ही साखळी कागदावर बांधून ठेवणाऱ्यांपैकी एक मोठा माणूस नॉर्वेतल्या लार्विक या किनाऱ्यावरच्या लहानशा गावात होऊन गेला. त्याचं नाव कॉलिन आर्चर. मराठी वाचकाला हे नाव अनोळखी वाटेल, पण त्याच्या विचारातून आलेली एक नौका मुंबईत, मुंबईच्या सुतारांच्या हातून, सागवानात बांधली गेली, आणि तिने जगाच्या नौकानयनाचा इतिहास बदलला.

आर्चर कुटुंब मूळचं स्कॉटलंडचं. 1825 मध्ये विल्यम आणि ज्युलिया आर्चर लार्विकला येऊन स्थायिक झाले. वडिलांचा धंदा मुख्यतः लाकडाचा. तेरा भावंडांतला बारावा कॉलिन 22 जुलै 1832 रोजी जन्मला. समुद्राकाठचं टोलेरॉडन नावाचं जुनं घर हे त्यांचं बिऱ्हाड. (‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून प्रशांत महासागर ओलांडणारा थॉर हेयरडाल पुढे याच गावात जन्मला.) थोरले भाऊ ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला जाऊन मेंढ्यांचे कळप पाळू लागले होते. कॉलिनही तरुणपणी तिकडे गेला. 1855 मध्ये ‘एलिडा’ नावाच्या छोट्या नौकेतून सामान भरून त्याने ती फिट्झरॉय नदीतून वर नेली. बंदर नाही, नकाशा धड नाही, अशा पाण्यात नौका हाकण्याचा अनुभव त्याला तिथे मिळाला. 1861 मध्ये म्हाताऱ्या आईवडिलांसाठी तो घरी परतला आणि मग लार्विकचाच होऊन राहिला.

नौकाशास्त्राचं कोणतंही शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. त्याने पुस्तकं मागवली. अठराव्या शतकातला स्वीडिश जहाज-रचनाकार चॅपमन याचं लेखन अभ्यासलं. घराजवळच छोट्या नौका बांधून पाहिल्या. गणित आणि करवत या दोन्हींवर सारखीच माया असलेला माणूस विरळा, आणि आर्चर तसा होता. बांधण्याआधी तो रेखाटन करी. पाण्याखालच्या प्रत्येक छेदाचं क्षेत्रफळ काढी, आणि नौकेचं पोट पुढून मागेपर्यंत कसं वाटलं गेलं आहे ते तपासून पाही. पाणी कापताना उठणाऱ्या लाटेच्या आकाराशी ही वाटणी जुळली तर नौका कमी अडखळते, असं त्याचं म्हणणं. स्कॉट रसेल या ब्रिटिश अभियंत्याने मांडलेल्या विचारात दुरुस्ती करून त्याने ही पद्धत 1878 मध्ये लंडनच्या नौकारचनाकारांच्या संस्थेपुढे ठेवली. एका लहान गावातल्या, स्वतः शिकलेल्या माणसाचा निबंध तिथल्या विद्वानांनी गांभीर्याने घेतला.

पण त्याचं मन गुंतलं होतं ते वाटाड्यांच्या नौकांत. परदेशी जहाजं खडकाळ किनाऱ्यावर येताना त्यांना वाट दाखवायला स्थानिक वाटाड्या लागे. वाटाड्ये लहान नौकेतून वादळातही बाहेर जात, आणि वाटाड्या जहाजावर चढला की नौका परत आणायला तिच्यात उरे एखादा पोरगा. या नौका बहुधा उघड्या असत. फळ्या एकीवर एक चढवलेल्या, आणि तोल सांभाळायला तळाशी नुसते सुटे दगड. नौका कलंडली की दगड घसरून कललेल्या बाजूलाच जमा होत, आणि मग ती उठत नसे. दरवर्षी माणसं बुडत. लोक म्हणत, समुद्राचं हे असंच असतं.

आर्चरने ते मानलं नाही. त्याने जुनं नॉर्वेजियन रूप टाकून दिलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन्ही टोकांना निमुळती नौका वाटाड्यांच्या ओळखीची होती आणि मागून येणारी लाट ती दोन्ही अंगांना फोडून वाट करून देते. ते रूप त्याने ठेवलं. बदलले ते आतले हिशेब. फळ्या कडेला कड लावून बसवल्या. वर पाणी आत येऊ न देणारी डेक दिली. सुटे दगड काढून लोखंडाचं वजन नौकेच्या तळाच्या लांब कण्यातच कायमचं बसवलं. वजन आता घसरणार नव्हतं, आणि सर्वात खाली असल्याने कलंडलेल्या नौकेला तेच परत उभं करणार होतं. सुकाणू या कण्याच्याच मागच्या टोकाला टांगलं, म्हणजे लाटेने ते उखडण्याची भीती कमी. वाटाड्यांनी आधी नाकं मुरडली, कारण जड नौका त्यांना नको होती. एकेक नौका पाण्यात उतरून वादळातून परत येऊ लागली तसा त्यांचा विरोध मावळला.

1891 मध्ये नॉर्वेत समुद्रात सापडलेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. तिच्यासाठी आर्चरने काढलेली नौका 1893 मध्ये तयार झाली, आणि तिला त्याचंच नाव मिळालं. लांबी 47 फूट, रुंदी सुमारे 15 फूट, इंजिन नाही, नुसती शिडं. तिचं काम होतं मच्छीमारांच्या ताफ्यासोबत समुद्रातच थांबायचं आणि बाकीच्या नौका किनारा गाठू पाहतील तेव्हा उलट वादळात शिरायचं. मे 1894 मध्ये अगदी उत्तर टोकाला, हामनिंगबर्गच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ झालं. ही नौका दोन फेऱ्यांत 36 माणसं घेऊन आली. पुढे याच वळणाच्या अनेक बचावनौका बांधल्या गेल्या, आणि ही पहिली आजही शीड उभारून लार्विकच्या पाण्यात फिरते.

आर्चरची जगभर ख्याती झाली ती मात्र ‘फ्राम’ या जहाजामुळे. नॉर्वेचा ध्रुवशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन याची योजना ऐकून बहुतेक जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं होतं. जहाज मुद्दाम उत्तर ध्रुवीय बर्फात अडकू द्यायचं आणि बर्फासोबत वाहत जायचं. तोवर बर्फाने कितीतरी जहाजांचा चुराडा केला होता. नान्सेन लार्विकला आला आणि दोघांनी मिळून विचार केला तो ताकदीच्याही पलीकडचा: बर्फाशी झुंजायचंच नाही. जहाजाच्या बाजू इतक्या गोल आणि गुळगुळीत करायच्या की ओल्या चिमटीत दाबलेला चिंचोका वर सटकावा तसं ते दाब येताच वर उचललं जाईल. म्हणून इथे कणा जवळजवळ फळ्यांतच दडवला. सुमारे 39 मीटर लांब आणि 11 मीटर रुंद असं ते बसकं जहाज. भिंती लाकडाच्या अनेक थरांच्या, मिळून दोन फुटांहून जाड, आणि सर्वात बाहेर ग्रीनहार्ट नावाचं अतिशय कठीण लाकूड. सुकाणू आणि जहाज पुढे ढकलणारा पंखा बर्फात तुटू नये म्हणून दोन्ही वर ओढून घेता येत. आत राहणाऱ्यांना थंडी लागू नये म्हणून भिंतींत लोकर, रेनडिअरचे केस आणि बुचाचा भुसा भरला होता.

26 ऑक्टोबर 1892 रोजी ‘फ्राम’ लार्विकच्या पाण्यात उतरलं. पुढच्या वर्षी ते बर्फात शिरलं. जानेवारी 1895 मध्ये बर्फाचे ढिगारे जहाजाच्या कुशीवर चढू लागले, माणसांनी सामान बाहेर काढून ठेवलं, आणि मग जहाज करकरत बर्फाच्या पकडीतून सुटून वर आलं. आर्चरचा हिशेब खरा ठरला. ऑगस्ट 1896 मध्ये कप्तान ऑटो स्वेर्ड्रुपने ते मोकळ्या पाण्यात आणलं. नान्सेन आणि त्याचा सोबती योहान्सेन त्याआधीच कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाले होते, तेही वेगळ्या वाटेने सुखरूप परतले. मोहिमेवर गेलेले तेराही जण जिवंत घरी आले, आणि त्या काळातल्या ध्रुवीय मोहिमांबद्दल हे सहसा म्हणता येत नाही. मोकळ्या समुद्रात हे गोल पोटाचं जहाज भयंकर डोले, हा त्याचा दोष, पण तो जाणूनबुजून पत्करलेला. याच जहाजाने पुढे आमुंडसेनला दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी अंटार्क्टिकाला नेलं. आज ते ओस्लोच्या संग्रहालयात उभं आहे.

आर्चरने हयातीत सुमारे दोनशे नौका बांधल्या. त्यांत हौसेच्या नौकाही पुष्कळ होत्या. 1905 मध्ये बांधलेली ‘आस्गार्ड’ ही अर्स्किन आणि मॉली चिल्डर्स या जोडप्याला लग्नाची भेट म्हणून मिळाली, आणि जुलै 1914 मध्ये याच नौकेतून आयर्लंडच्या स्वयंसेवकांसाठी बंदुका हौथ बंदरात उतरवल्या गेल्या. 8 फेब्रुवारी 1921 रोजी आर्चर लार्विकलाच वारला.

कागदावर उतरलेल्या नौकेचं काय होतं, ते त्यानंतर दिसलं. 1920 च्या दशकात अमेरिकेत विल्यम ॲटकिन या रचनाकाराने आर्चरच्या बचावनौकेचं रूप आटोपशीर करून 32 फुटांची ‘एरिक’ ही नौका रेखाटली. तिचे आराखडे छापून आले आणि जगभर गेले. 1960 च्या दशकात ते मुंबईत पोहोचले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तिथे बोटीवर अधिकारी असलेला इंग्रज तरुण. त्याने कुलाब्यात या आराखड्यावरून नौका बांधायला घेतली. लाकूड सागवानी, आणि सुतार इथलेच, वाकस आणि दोरीने फिरवून भोकं पाडायचा सामता वापरणारे. यंत्रांची साथ जवळजवळ नव्हती. डिसेंबर 1964 मध्ये नाळेवर नारळ फोडून ‘सुहैली’ पाण्यात उतरली.

14 जून 1968 रोजी नॉक्स-जॉन्स्टन फालमथहून एकटा निघाला, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालण्यासाठी. ‘गोल्डन ग्लोब’ नावाच्या या शर्यतीत नऊ जण उतरले होते. काहींच्या नौका नव्या, हलक्या, वेगवान होत्या. ‘सुहैली’ सर्वांत हळू चालणाऱ्यांपैकी, आणि तिच्यावर कोणी पैज लावली नसती. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, शर्यत पूर्ण करून परतली ती एकटी तीच. एकट्याने, न थांबता केलेली जगातली पहिली प्रदक्षिणा ती हीच. आपल्याकडच्या शाळकरी पुस्तकांत हा पराक्रम आलाच तर इंग्रजाचा म्हणून येतो. तो त्याचा आहेच, पण दक्षिण महासागरात ज्या सांध्यांनी तग धरला ते कुलाब्यात घासून बसवलेले होते. त्या सुतारांची नावं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

2017 मध्ये गोव्यातल्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकर यांनी ‘सुहैली’ची जुळी बहीण बांधली, नाव ‘थुरिया’. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी तिच्यातून निघाले. 21 सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने नौका उलथीपालथी केली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि त्यांना हलताही येईना. नौका मात्र पुन्हा उभी राहिली आणि तरंगत राहिली. तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना सोडवेपर्यंत ते तिच्याच आत होते. वाटाड्यांच्या नौकेतलं वजन तळाच्या कण्यात का बसवायचं, याचं उत्तर लार्विकमध्ये निघालं होतं. टॉमी त्या उत्तरामुळेच तरले.

या शर्यतीचा एक नियम असा की नौकेचा तळाचा कणा लांब असला पाहिजे आणि सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला जोडलेलं असलं पाहिजे. टॉमी 2022 च्या शर्यतीत पुन्हा उतरले, या वेळी फायबरच्या ‘बायानत’मधून. तिचीही ठेवण याच नियमातली. एप्रिल 2023 मध्ये ते दुसरे आले.