डब्यावरचे 50 वॉट येतात कुठून?

कार स्टिरिओच्या डब्यावर 50 वॉट गुणिले 4 असं मोठ्ठं छापलेलं असतं आणि ते बघूनच आपले इंदूरचे भिया लोक खूश होतात, पण जरा हिशोब करून बघा. गाडी चालू असताना बॅटरीवर मिळतात साधारण 14 व्होल्ट. स्टिरिओच्या आतल्या छोट्या अँप्लिफायरला तेवढ्यातच भागवायचं असतं, म्हणजे साध्या गोल लहरीचा आरएमएस (पॉवरच्या हिशोबात धरायचं परिणामी व्होल्टेज) येतो 10 व्होल्टच्या आसपास, 10 चा वर्ग भागिले 4 ओहमचा स्पीकर, झाले 25 वॉट, त्यातून आतल्या सर्किटमधे जे जातं ते वजा करा, हातात 18-20 उरतात. आता 14 चाच वर्ग करून 4 ने भागा, 49! म्हणजे डब्यावरचा आकडा पूर्ण फाटलेल्या आवाजाचा आहे.

आवाज फाटणं म्हणजेच क्लिपिंग. व्हॉल्युम वाढवत गेलं की लहर उंच होत जाते, 14 व्होल्टच्या छताला टेकली की तिचं डोकं सपाट कापलं जातं. अशी चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट पॉवर देते, आणि कापलेल्या कडांमधून मूळ सुराच्या 3, 5, 7 पट फ्रिक्वेन्सी निघतात त्या वेगळ्याच. व्हॉइस कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) तापते, बरेचदा पहिला जातो तो बिचारा ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर.

मग मोठा अँप, म्हणजे वेगळा अँप्लिफायर, लावू म्हणतात. लावा की, तो आत व्होल्टेज वाढवून घेतो, पण वीज शेवटी त्याच बॅटरीची! 500 वॉट स्वच्छ हवे असतील तर क्लास डी अँप (वीज कमी वाया घालवणारा प्रकार) साधारण 45 अँपिअर ओढणार, क्लास एबी (जास्त तापणारा प्रकार) 60 च्या घरात, आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा, असतो 70-90 अँपिअरचा, त्यातच एसी, हेडलाइट सगळं. म्हणून तर रात्री रिंग रोडवर बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात. वायरचा नुसता 0.02 ओहम रोध असला तरी 45 अँपिअरला 0.9 व्होल्ट रस्त्यातच गेले, आणि बऱ्याच अँपमधे व्होल्टेज पडलं की छतही खाली येतं, म्हणजे अजून लवकर फाटणार. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण माझं मत विचाराल तर घेऊ नका.

आणि अँपवरचा गेनचा नॉब (स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा) व्हॉल्युमसारखा फिरवायचा नसतो हो! बेस बूस्ट बंद ठेवा (6 डेसिबल वाढवले की चौपट पॉवर लागते), स्टिरिओ पाऊण व्हॉल्युमवर, स्पीकरच्या वायरी काढून 50 हर्ट्झचा टोन वाजवा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलना लावा. 4 ओहमला 100 वॉट हवेत तर 20 व्होल्ट आले की गेन तिथेच सोडायचा.