अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि अतिदक्षता विभागातील पालकत्व (बेळगाव सीमाभाग)

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, की आई-वडील आणि घरची मंडळी त्या काळात त्याच्यासाठी जे करतात, ते सगळे या नोंदीचा विषय आहे : दूध काढून देणे, बाळ छातीशी धरणे, जागरण, पैशांची जमवाजमव आणि दाराबाहेरचे ताटकळणे. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यात ‘बाळ पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) आहे’ एवढेच सांगतात आणि ऐकणाऱ्याला पुढचे कळते.

वैद्यकात २८ आठवड्यांच्या आत जन्मलेले, २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यानचे आणि ३२ ते ३७ च्या दरम्यानचे असे तीन गट मानतात. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे, दीड किलोच्या आतले फारच कमी वजनाचे. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतीआधी जन्मली. त्यातली जवळपास ३० लाख भारतात. जुळी, आईचा वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, रक्तक्षय ही नेहमीची कारणे; अनेकदा कारण सापडतही नाही. या भागातल्या बायकांची मिश्री लावण्याची सवय मात्र सांगितलीच पाहिजे, कारण तंबाखूने बाळाचे वजन घटते आणि कळा लवकर येण्याचा धोका वाढतो. ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ हा समज अजून ऐकू येतो. तो साफ चूक आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

बेळगाव शहरात या बाळांसाठी मुख्यतः दोन मोठी ठिकाणे आहेत. एक, बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक सरळ ‘सिव्हिल’ म्हणतात. दुसरे, नेहरूनगरातले केएलई संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय. याशिवाय खासगी बालरुग्णालये आहेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून, बैलहोंगल-हुक्केरीकडून आणि हद्दीपलीकडच्या चंदगड तालुक्यातूनही बाळे इथे येतात. निपाणीकडचे लोक बऱ्याचदा कोल्हापूर किंवा मिरज गाठतात. १९६३ साली सुरू झालेल्या इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा या विषयातल्या जागतिक संशोधनातही वाटा आहे. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या आईला डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शने दिल्यास नवजात मृत्यू घटतात का, हे पाहणारी जागतिक आरोग्य संघटनेची पाच देशांतली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली; बेळगाव तिच्या भारतातल्या केंद्रांपैकी होते. योग्य सोयी असलेल्या रुग्णालयात ही इंजेक्शने दिली की मृत्यू कमी होतात, असे तिच्यात दिसले. पहिलटकरणीला कमी मात्रेची ॲस्पिरिन दिल्यास मुदतपूर्व प्रसूती काही प्रमाणात टळते, हे दाखवणारी त्याच वर्षीची चाचणीही बेळगावात झाली होती.

पालकत्वाची सुरुवात इथे बहुधा ताटातुटीने होते. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात होते, बाळाला श्वास जड जातो आणि १०८ च्या गाडीतून ते बेळगावला हलवले जाते. टाके पडलेली आई मागेच राहते. बाळासोबत बाप, नाहीतर मामा. मनगटाच्या पट्टीवर मात्र आईचेच नाव, ‘बेबी ऑफ’ अमुक. पुढचे काही दिवस बापच बाळाचा एकुलता पालक असतो. फॉर्मवर सही तो करतो, औषधाच्या दुकानात तो धावतो, आणि रात्री आईला फोनवर काय सांगायचे, काय गाळायचे हेही तोच ठरवतो. वाईट बातमी आईपासून लपवण्याची आपल्याकडची रीत माया म्हणून असते, पण तिने नुकसान होते. आईला काही कळले नाही तर ती दूध काढायला बसत नाही, आणि पहिल्या दिवसांत दूध काढले गेले नाही तर ते पुढे आटते.

दूध हा या सगळ्या काळजीतला असा भाग आहे, जो आईशिवाय कोणी करू शकत नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्हींचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याआधीच्या बाळाला नाकातून किंवा तोंडातून पोटात घातलेल्या नळीने दूध देतात, मग चमच्याने किंवा पालडाईने, म्हणजे आपल्या बोंडल्यासारख्या चोच असलेल्या भांड्याने, शेवटी अंगावर. सुरुवातीचा घास एक-दोन मिलिलिटरचा असतो. सिरिंजच्या तळाशी जेमतेम दिसणारा तो पिवळसर चीक पाहून आज्जी म्हणते, ‘एवढ्यानं काय हुतंय?’ खरे तर त्यातच बाळाच्या आतड्याचे संरक्षण असते. आईने दिवसाकाठी आठ ते दहा वेळा हाताने दूध काढावे, रात्रीही चुकवू नये. काढलेले दूध खोलीत सुमारे चार तास टिकते, त्यापुढे शीतपेटी हवी. बाळंतीण खानापुरात आणि बाळ बेळगावात असेल, तर सकाळच्या बसने बर्फाचा थर्मास घेऊन येणारा बाप म्हणजे पोरगे जगवणारी साखळीच. दूध कमी येते म्हणून डब्याच्या पावडरीकडे वळण्याआधी दान केलेल्या मातेच्या दुधाची विचारणा करावी. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली, त्यानंतर देशात अशा पेढ्या हळूहळू वाढल्या आहेत.

विभागात शिरताना पहिला अडथळा हातांचा. कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढायच्या. पहिलटकरणीच्या हातात डोहाळजेवणाचा हिरवा चुडा असतो आणि नवरा धडधाकट असताना हात मोकळे करायचे म्हणजे अपशकुन, असे घरच्यांना वाटते. बाळाच्या जवळ जाण्याची परवानगी मिळूनही केवळ यासाठी दारात थबकलेल्या सासवा-सुना या भागात पाहायला मिळतात. जाणत्या सिस्टर इथे वाद घालत नाहीत. मंगळसूत्र पाठीकडे सरकवायला सांगतात, चुडा रुमालात गुंडाळून सासूच्याच ओटीत ठेवायला लावतात आणि बाहेर आल्यावर पुन्हा भरायला मोकळीक देतात. हा नियम सोडून चालत नाही, कारण बांगडीखालच्या घामट कातडीत राहिलेले जंतू अपुऱ्या बाळाला झेपत नाहीत.

आत गेल्यावर आई-वडिलांचे डोळे बाळावर न जाता मॉनिटरच्या पडद्यावरच्या आकड्यांवर खिळतात. ऑक्सिजनचा आकडा ९१ दिसला की जीव खाली-वर होतो, १०० दिसला की हुश्श. इथे थोडे उलटे आहे. ऑक्सिजन देत असलेल्या अपुऱ्या बाळाची पातळी डॉक्टर मुद्दाम ९० ते ९५ च्या आसपास ठेवतात, कारण जास्त ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडतात आणि दृष्टीही जाऊ शकते. म्हणूनच ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळाची डोळ्यांची तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत झालीच पाहिजे. फारच लहान बाळाची त्याहून आधी. कर्नाटकात २००८ पासून नारायण नेत्रालयाच्या ‘किड्रॉप’ उपक्रमात तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन रुग्णालयात जातात आणि पडद्याचे फोटो लांबच्या तज्ज्ञाकडे पाठवतात. ही तारीख लिहून घेऊन पालकांनी स्वतः विचारत राहावे. गर्दीच्या विभागात ती निसटते.

या काळजीत आई-बापांच्या हाती असलेले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे कांगारू मातृसेवा. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी इन्क्युबेटरांच्या तुटवड्यातून ही पद्धत काढली. टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावरच बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभे, बेडकासारखे पाय मुडपून, मान एका बाजूला वळवून ठेवतात आणि कापडाने बांधतात. एका वेळी निदान तासभर तरी. पूर्वी बाळ स्थिरावल्यावरच हे सुरू करत. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मानंतर लगेच सुरू केल्याने मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने घटलेले दिसले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ८ ते २४ तास अशी शिफारस केली. उत्तर कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात ही सेवा सरकारी यंत्रणेतून मोठ्या प्रमाणावर राबवून पाहिली गेली आहे, तेव्हा ‘आपल्याकडे जमणार नाही’ ही सबब चालत नाही.

आठ तास कोण बसणार, हा मात्र खरा प्रश्न. इथे एकत्र कुटुंब कामाला येते. बाळ आईच्याच छातीवर हवे असे नाही. बाप, आज्जी, मावशी, कोणीही निरोगी माणूस चालतो. आज्जीचे धुऊन मऊ झालेले सुती लुगडे बांधायला बाजारातल्या पट्ट्यापेक्षा सरस ठरते. पुरुष सुरुवातीला लाजतात, चारचौघांत शर्टाची बटणे काढायला नको म्हणतात. एकदा बाळ छातीवर निजले की उठायला तयार नसतात.

आज्जीबद्दल थोडे अधिक. रुग्णालयातली मंडळी तिला बहुधा अडचण समजतात, आणि तिचे काही आग्रह घातक असतातही : टाळू तेलाने भरणे, नाका-कानात तेल सोडणे, गुटी, धुरी. अपुऱ्या बाळाच्या फुप्फुसाला धूर अजिबात सोसत नाही, आणि वजन दोन-अडीच किलो होईपर्यंत अंघोळही लांबवायची असते. पण बाळंतिणीने सव्वा महिना बाहेर पडू नये, सोयर पाळावे, ही बंधने सैल करण्याचा अधिकारही घरात तिच्याकडेच असतो. ‘जा गं, बाळापाशी बस’ हे सासूने म्हटले की सून जाते. डॉक्टरने दहा वेळा सांगून जात नाही. त्यामुळे पहिली समजूत आज्जीची काढावी. उबेचे महत्त्व तिला कुंची-दुपट्यापासून ठाऊक असते, कांगारूची कल्पना तिला सर्वांत लवकर पटते.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘कुटुंब सहभागी काळजी’ची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पालकांना शिकवून आत घ्यावे, लंगोट बदलणे, नळीतून दूध देणे, कांगारू ही कामे त्यांच्याकडून करून घ्यावीत, असे त्यांत आहे. तरी अनेक ठिकाणी अजून ‘भेटीची वेळ’ चालते : सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, काचेतून. जंतूंची भीती हे कारण दिले जाते, पण हात धुतलेली आई ही काही पाहुणी नव्हे. पालकांनी नम्रपणे, पण रोज आत बसण्याची मागणी करावी.

भाषेचा प्रश्न सीमाभागात वेगळाच. पाट्या कन्नड, डिस्चार्ज कार्ड इंग्रजी, सिस्टर कन्नड-हिंदी-मराठीची मिसळ बोलणारी आणि आई फक्त मराठी. रोजच्या वापरातले बायका शिकून घेतात : कूस म्हणजे बाळ, हालु म्हणजे दूध, तूक म्हणजे वजन. पण संमतीपत्र आणि घरी द्यायच्या औषधांची मात्रा अंदाजाने समजून घेण्याच्या गोष्टी नव्हेत. मराठीत समजावून मागणे हा राजकीय हट्ट ठरत नाही. मात्रा थेंबात सांगितली की मिलिलिटरमध्ये, हे सिरिंज हातात घेऊन दाखवायला सांगावे.

खर्चाचे गणितही हद्दीवर बदलते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, जो २०११ मध्ये सुरू झाला, सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना चालते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. कोणते कार्ड कोणत्या रुग्णालयात चालते हे भरतीच्या दिवशीच विचारावे, बिल हातात आल्यावर नव्हे. रोजच्या येण्या-जाण्यात कर्नाटकातल्या बायकांना जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेचा आधार आहे, राज्याच्या साध्या बसला तिकीट नाही. चंदगडच्या आईला महाराष्ट्राच्या हद्दीत अर्धे तिकीट मिळते.

पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन घटते, जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहूनही अधिक. दोनेक आठवड्यांत ते भरून येते. हे आधी सांगितले नाही, तर घरचे लोक दूध वाईट आहे असा अर्थ लावतात आणि आईला बोल लावतात. सगळीच बाळे घरी येत नाहीत, हेही नोंदले पाहिजे. जुळ्यांतले एक गेले आणि दुसरे पेटीत असेल, तेव्हा ‘एक तरी आहे ना’ असे म्हणणाऱ्यांना दारातच थांबवणे हे बापाचे काम. आईचे रडू आठवड्यांमागून आठवडे थांबत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर तोही इलाजाचा विषय आहे आणि डॉक्टरांना सांगायला हवा.

‘कवा सोडतात घरला?’ याचे उत्तर वजनावर एकट्याने ठरत नाही. बाळ स्वतःची ऊब टिकवते का, तोंडाने पुरेसे पिते का, सलग तीन दिवस वजन वाढते का, हे पाहून साधारण १६०० ते १८०० ग्रॅमच्या सुमारास सोडतात. घरीही कांगारू चालूच ठेवायचे. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर आशा कार्यकर्ती ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येते, पण कर्नाटकात नोंद झालेली बाळंतीण माहेरी चंदगडला गेली की इकडच्या आशाच्या यादीतून ती सुटते आणि तिकडच्या यादीत आपोआप चढत नाही. तायी कार्ड (कर्नाटकातले आई-बाळाच्या नोंदीचे कार्ड) आणि डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स काढून एक माहेरच्या आशाच्या हाती द्यावी. लसी जन्मतारखेप्रमाणे घ्यायच्या. मान धरणे, बसणे, रांगणे मात्र जन्माच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे. दोन महिने आधी आलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, की त्याची तुलना शेजारच्या चार महिन्यांच्या बाळाशी करावी.