केशरोपणोत्तर काळ

केशरोपणोत्तर काळ : डोक्याच्या मागच्या व बाजूच्या भागातील केस मुळासकट काढून टक्कल पडलेल्या जागी रोवल्यानंतर तेथील त्वचा भरून येऊन नवे केस पूर्ण वाढेपर्यंतचा अवधी. या शस्त्रक्रियेला बोलण्यात ‘हेअर ट्रान्सप्लांट’ व रोवलेल्या प्रत्येक पुंजक्याला ‘ग्राफ्ट’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत ग्राफ्टला कलम, केस जेथून घेतले त्या जागेला दाता भाग व जेथे रोवले त्या जागेला ग्राही भाग म्हटले आहे.

हा अवधी एकसंध मानला जात असला, तरी त्यात दोन कामे निरनिराळ्या गतींनी चालू असतात. जखम भरून यायला साधारणतः १० ते १४ दिवस पुरतात. केसांचे चक्र मात्र नव्याने सुरू होऊन स्थिरावायला सुमारे १२ महिने व भोवऱ्याच्या जागी कधीकधी १८ महिनेही लागतात. या दोन गतींची गल्लत झाल्यानेच रुग्णांची बहुतेक घालमेल होते. त्वचा बरी दिसू लागते नेमक्या त्याच सुमारास रोवलेले केस गळायला लागतात आणि शस्त्रक्रिया फसली असे वाटते. वास्तविक तो या काळातील अपेक्षित टप्पा आहे.

पूर्वपीठिका : केस एका जागेवरून दुसरीकडे लावण्याच्या प्रयोगांचा उल्लेख योहान डीफेनबाख यांच्या १८२२ सालच्या वुर्त्सबुर्ग येथील प्रबंधापर्यंत मागे नेता येतो. मात्र आधुनिक पद्धतीचा आरंभ कोणी केला याबद्दल एकमत नाही. जपानी त्वचारोगतज्ज्ञ शोजी ओकुदा यांनी भाजल्यामुळे वा अन्य कारणाने व्रण राहिलेल्या डोक्यावर गोल पोकळ पात्याने कापलेली केसाळ त्वचेची कलमे लावली व १९३९ मध्ये त्याचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. १९४३ मध्ये तामुरा यांनी त्याहून पुष्कळ लहान, एकेका केसाची कलमे वापरल्याचे नोंदविले. हे लेखन जपानीत होते आणि महायुद्धाचा काळ होता, त्यामुळे ते पाश्चात्त्य वैद्यकापर्यंत बरीच वर्षे पोहोचले नाही. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ च्या सुमारास पुरुषी टकलावर अशीच कलमे लावली. त्यांचा निबंध १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या संदर्भग्रंथांत संपूर्ण श्रेय त्यांनाच दिलेले आढळते. अलीकडचा कल तंत्राचे श्रेय ओकुदा यांना व तत्त्वाचे ओरेंट्राइख यांना देण्याकडे असून तो अधिक न्याय्य वाटतो. ते तत्त्व ‘दात्याचे प्राबल्य’ म्हणून ओळखले जाते : रोवलेला केस नव्या जागेचा स्वभाव न घेता मूळ जागेचाच स्वभाव टिकवून धरतो, म्हणून मागच्या बाजूचा न गळणारा केस पुढे लावला तरी टिकतो.

हा इतिहास येथे देण्याचे कारण असे, की केशरोपणोत्तर काळाचे स्वरूप कलमाच्या आकाराने ठरत आले आहे. ओरेंट्राइख यांच्या परंपरेतील कलमे सुमारे ४ मिमी. व्यासाची असत. रक्तस्राव जास्त होई, डोक्याला पट्टी बांधावी लागे आणि टप्प्याटप्प्याने अनेक बैठका कराव्या लागत. एवढ्या मोठ्या कलमाच्या मध्यभागापर्यंत सुरुवातीचे काही दिवस प्राणवायू पुरेसा झिरपत नसे. परिणामी कडेचे केस जगत, मधले मरत व डोक्यावर पोकळ वर्तुळे उमटत. जॉन हेडिंग्टन यांनी १९८४ मध्ये डोक्यावरचे केस सुटे नसून १ ते ४ केसांच्या नैसर्गिक पुंजक्यांनी उगवतात हे सूक्ष्मदर्शकीय छेदांतून मांडले. पुढे हे पुंजके अखंड ठेवूनच कलमे करण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी त्वचेची पट्टी कापून ती सूक्ष्मदर्शकाखाली विलग करतात किंवा एकेक पुंजका बारीक पात्याने थेट काढतात. पहिल्या पद्धतीला एफयूटी (फॉलिक्युलर युनिट ट्रान्सप्लांटेशन) व दुसरीला एफयूई (फॉलिक्युलर युनिट एक्स्ट्रॅक्शन) म्हणतात. दोन्हींत ग्राही भागावरच्या चिरा इतक्या लहान असतात की तेथे टाके लागत नाहीत.

कलम रुजणे : शरीरातून काढलेल्या कलमाचा रक्तपुरवठा पूर्ण तुटलेला असतो. रोवल्यावर पहिले एकदोन दिवस ते भोवतीच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर तगते. सुमारे तिसऱ्या दिवसापासून कलमातील जुन्या केशवाहिन्यांची (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांची) तोंडे ग्राही भागातील वाहिन्यांशी जुळू लागतात आणि पहिल्या आठवड्याच्या अखेरीस नव्या वाहिन्या आत शिरून रक्ताभिसरण प्रस्थापित होते. हा कालक्रम मुख्यतः त्वचारोपणाच्या अभ्यासावरून घेतलेला आहे. केसांचे कलम त्वचेच्या तुकड्यापेक्षा पुष्कळ लहान असल्याने तेथे हे टप्पे थोडे लवकर पार पडत असावेत.

चिरेत कलम सुरुवातीला केवळ फायब्रिनच्या (रक्त गोठताना तयार होणाऱ्या तंतुमय प्रथिनाच्या) चिकटपणाने धरलेले असते. ते केव्हा पक्के बसते हा प्रश्न व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. डोके केव्हा धुवावे, उशीवर कसे टेकावे, टोपी केव्हा घालावी हे सारे त्यावर अवलंबून असते. बराच काळ याबाबत ठोकताळेच चालत. रॉबर्ट बर्नस्टीन व विल्यम रासमन यांनी २००६ मध्ये केस व खपल्या प्रत्यक्ष ओढून पाहिल्या. पहिले २ दिवस केस ओढला की कलम हमखास निघून येई. सहाव्या दिवसापासून केस ओढल्याने ते निघाले नाही. घट्ट चिकटलेली खपली ओढली असता मात्र पाचव्या दिवसापर्यंत कलम प्रत्येक वेळी गेले व हा धोका नवव्या दिवसापर्यंत उतरत जाऊन संपला. यातून निघणारा अर्थ जुन्या समजुतीच्या उलट आहे. डोके धुणे टाळल्याने कलम सुरक्षित राहते असे मानत, पण न धुतल्याने खपली जाड होते व तीच कलमाला अधिक काळ धोक्यात ठेवते. म्हणून हल्ली बहुतेक शल्यचिकित्सक २४ ते ४८ तासांनी हलक्या हाताने धुण्यास सुरुवात करायला सांगतात. पाण्याची धार थेट न सोडता मग्ग्याने ओतायचे, शाम्पूचा फेस तळहातात करून नुसता टेकवायचा, चोळायचे नाही आणि पुसताना टॉवेल घासायचा नाही. पहिले काही दिवस सलाइनचा फवारा मारून जागा ओलसर ठेवल्यास खपल्या मऊ राहतात. ७ ते १० दिवसांत खपल्या आपोआप सुटतात. चौदाव्या दिवसानंतरही त्या राहिल्या, तर भिजवून व बोटांच्या पेरांनी हलके चोळून काढतात. नखाने खरवडणे केव्हाही वाईट.

सूज : शस्त्रक्रियेच्या वेळी डोक्याच्या त्वचेत भूल देणारे औषध, ॲड्रिनॅलिन व सलाइन यांचे मिश्रण बऱ्याच प्रमाणात भरलेले असते. ते दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान गुरुत्वाने कपाळावर, भुवयांत व कधी पापण्यांत उतरते. डोळे जवळजवळ मिटण्याइतकी सूज आली, तरी दृष्टीला त्याचा अपाय नसतो व ती आठवड्याभरात ओसरते. पहिल्या काही रात्री डोके उंचावर, सुमारे ४५ अंशांच्या कोनात ठेवून झोपावे, वाकणे व वजन उचलणे टाळावे असे सांगतात. कपाळाला बर्फ लावता येतो, कलमांना मात्र नाही. सूज कमी करण्यासाठी अल्पकाळ स्टेरॉइड देण्याची पद्धत व्यापक आहे. मधुमेही रुग्णात तो निर्णय जपून घ्यावा लागतो.

रोवलेल्या केसांची गळ : या काळातील सर्वांत चर्चिला गेलेला व आजही पुरता न उलगडलेला विषय. साधारणपणे दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रोवलेल्यांपैकी बहुतेक केस गळतात. त्वचेखालचे केशपुटक (ज्यातून केस उगवतो ती सूक्ष्म पिशवी) शाबूत असते. जाते ती फक्त केसाची काडी. गळलेल्या काडीच्या टोकाशी अनेकदा पांढुरका फुगीर ठिपका दिसतो व रुग्णाला मूळच निघून आले असे वाटते. तो ठिपका काडीच्या तळाचा अवशेष असतो. सुट्या झालेल्या कलमाचे लक्षण वेगळे : ते पहिल्या काही दिवसांत जाते, त्यासोबत मांसल भाग असतो आणि त्या जागी रक्ताचा थेंब येतो.

गळ का होते याविषयी मतभेद आहेत. केसाच्या आयुष्यात ॲनाजेन ही वाढीची, कॅटाजेन ही आक्रसण्याची व टेलोजेन ही विश्रांतीची अवस्था असते. टेलोजेन सुमारे ३ महिने टिकते. जुने स्पष्टीकरण असे, की शस्त्रक्रियेच्या आघाताने केशपुटके एकदम टेलोजेनमध्ये ढकलली जातात. बाळंतपणानंतर किंवा दीर्घ तापानंतर होणाऱ्या केसगळतीसारखाच हा प्रकार. पण ती केसगळती मूळ कारणानंतर २ ते ३ महिन्यांनी सुरू होते आणि येथे केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच जाऊ लागतात. हे अंतर त्या स्पष्टीकरणाला मानवत नाही. दुसऱ्या मतानुसार रक्तपुरवठा तुटलेल्या काळात केशमूलातील वेगाने विभागणाऱ्या पेशींचे काम थांबते, केशपुटक विकृत रीतीने व घाईने कॅटाजेनमध्ये जाते व काडीची पकड सुटते. कर्करोगावरील औषधांनी होणाऱ्या गळतीशी याचे अंशतः साम्य आहे. कालक्रम पाहता हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. शिवाय गळ लवकर होऊनही नवा केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच का दिसतो, याचाही उलगडा त्यातून होतो : कॅटाजेननंतर केशपुटकाला टेलोजेनचा पूर्ण काळ काढावा लागतो. तरीही काही कलमांतील केस मुळीच गळत नाहीत व सलग वाढत राहतात, हे दोन्ही मतांना अडचणीचे आहे. कलम शरीराबाहेर किती वेळ राहिले व हाताळताना किती ओलसर होते यावर हा फरक अवलंबून असण्याची शक्यता वर्तवितात.

‘शॉक लॉस’ हा शब्द या संदर्भात सैलपणे वापरला जातो. काटेकोरपणे तो ग्राही किंवा दाता भागातील मूळच्या, न रोवलेल्या केसांच्या तात्पुरत्या गळीसाठी राखून ठेवावा. असे केस बहुधा ३ ते ६ महिन्यांत परततात. टक्कल पडण्याच्या प्रक्रियेत आधीच बारीक झालेले काही केस मात्र कायमचे जाऊ शकतात. शस्त्रक्रियेच्या आगेमागे मिनॉक्सिडिल व फिनास्टेराइड ही टक्कल रोखणारी औषधे सुरू ठेवण्याचा सल्ला मुख्यतः या मूळच्या केसांसाठी असतो. रोवलेला केस औषधाविना टिकला, तरी त्याच्या शेजारचा मूळचा केस टिकेलच असे नाही.

पुनर्वाढ : तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, फिके केस दिसू लागतात. पहिले काही महिने ते कुरळे किंवा तारेसारखे राठ असू शकतात. नंतर पोत सुधारतो. वाढीचा वेग महिन्याला सुमारे १ सेंमी. असतो, म्हणून सहाव्या महिन्यात दिसणारे चित्र अर्धवटच म्हणावे लागते. केस त्वचेतून वर येताना दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात पुटकुळ्या उठतात. गरम पाण्याच्या शेकाने बहुतेक बसतात. पसरल्यास प्रतिजैविक लागते.

दाता भाग : एफयूईमध्ये साधारणतः १ मिमी. किंवा त्याहून लहान छिद्रे असतात व ती आठवड्याच्या आत बुजतात. प्रत्येक छिद्राच्या जागी फिकट ठिपका उरतो, त्यामुळे ‘व्रण राहत नाही’ हा दावा खरा नाही. एफयूटीमध्ये एक सलग रेषा राहते व टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. टाके निघाले म्हणजे जखम बळकट झाली असे नव्हे. तिसऱ्या आठवड्यात व्रणाची ताणशक्ती मूळ त्वचेच्या सुमारे २० टक्केच असते व पुढेही ती ८० टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. मानेवर ताण आणणारा व्यायाम महिनाभर किंवा अधिक काळ टाळण्याचे कारण हेच. अन्यथा रेषा रुंदावते. डोक्याच्या मागच्या भागातील चेतातंतू दुखावल्यामुळे बधिरपणा येतो. तो काही आठवड्यांत, त्वचेची पट्टी कापून घेतली असल्यास (एफयूटी) कधी वर्षभराने जातो.

गुंतागुंत : डोक्याच्या त्वचेत रक्तपुरवठा विपुल असल्याने जंतुसंसर्ग क्वचित होतो. वाढत जाणारी वेदना, पू किंवा ताप ही डॉक्टरांकडे तातडीने जाण्याची लक्षणे होत. ग्राही भाग काळसर-निळा पडणे हे ऊतिमृत्यूचे पूर्वचिन्ह असू शकते. हा विरळ पण गंभीर प्रकार धूम्रपान करणारे, मधुमेही व फार दाट कलमे लावलेले रुग्ण यांच्यात अधिक आढळतो. निकोटिनने वाहिन्या आकसतात, म्हणून तंबाखू आधी व नंतर काही आठवडे बंद ठेवायला सांगतात. काहींना शस्त्रक्रियेनंतर चिवट उचकी लागते. तिचे कारण निश्चित झालेले नाही. प्रखर ऊन व पोहणे काही आठवडे वर्ज्य.

डोक्याबाहेरील रोपण : दाढी व भुवई येथील रोपणानंतरचा क्रम वरीलप्रमाणेच असतो. चेहऱ्यावरच्या खपल्या तुलनेने लवकर सुटतात. ह्वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोक्याचे केस पायावर लावून पाहिले असता त्यांचा वाढीचा वेग कमी झाला. त्यावरून ग्राही भागाचाही काही प्रभाव पडतो असे दिसते व दात्याच्या प्राबल्याचे तत्त्व पूर्वी मांडले जाई तितके निरपवाद राहत नाही. भुवईत लावलेला डोक्याचा केस मात्र भुवईच्या केसासारखा ठरावीक लांबीला थांबत नाही, वाढतच राहतो. तो नियमितपणे कातरावा लागतो.