पिठ्या ढेकूण आणि त्याच्याच वेषातली अळी

वसंतात जास्वंदीला कोवळी पालवी फुटते, शेंड्याशी कळ्या दाटतात आणि सकाळी कुंडीपाशी जरा जास्तच रेंगाळावंसं वाटतं. खुशाल रेंगाळा. फक्त त्याच शेंड्यात कापसाचे पुंजके दिसले की लगेच फवारणीचा पंप शोधायला धावू नका. ‘पांढरं दिसलं की मारा’ हा सल्ला ऐकून ऐकून मी कंटाळले आहे. त्या सल्ल्यापायी पिठ्या ढेकणाबरोबर त्याला खाणारी अळीही मरते, आणि तीही केवळ पांढरी दिसते म्हणून.

पिठ्या ढेकूण तुम्हाला नवा नाही. पानाच्या बेचक्यात दाटीनं बसतो, रस शोषतो, चिकट गोड द्रव सोडतो, त्यावर काजळी चढते, शेंडा आखडतो. कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी असतात. मावा आणि पिठ्या यांतल्या फरकावर मी वेळ घालवणार नाही. मावा बहुधा हिरवा किंवा काळा असतो, अंगावर पीठ नसतं आणि घरच्या बागेत दोघांवरचे उपाय जवळपास सारखेच.

खरी फसगत होते ती क्रिप्टोलिमसच्या अळीपाशी. क्रिप्टोलिमस हा लेडीबर्डच्या कुळातला छोटा भुंगेरा, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त करण्यासाठी १८९१ मध्ये तो कॅलिफोर्नियात नेला गेला. भारतात १८९८ मध्ये आणला, तो कॉफीवरच्या हिरव्या खवल्या किडीसाठी. त्याची मादी पिठ्याच्या अंड्यांच्या कापसातच आपली अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळीच्या अंगावरही मेणाचे पांढरे धागे येतात. हा वेष तिला मुंग्यांपासून वाचवतो. गोड द्रवासाठी मुंग्या पिठ्याची राखण करतात आणि त्याला खायला येणाऱ्यांना हुसकावून लावतात. मेणाने मढलेल्या या अळीवर मात्र त्यांचा फारसा जोर चालत नाही. मुंग्यांपासून वाचलेली अळी आपल्या हातून मरावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

‘आकार बघा, मोठी असेल तर अळी’ असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका. पूर्ण वाढलेली अळी १३ मिलिमीटरपर्यंत जाते आणि पिठ्याची मादी साधारण ३-४ मिलिमीटरची असते, हे खरं. पण अळीसुद्धा आधी लहानच असते. त्या दिवसांत दोघं एकाच मापाची दिसतात आणि घात नेमका तेव्हाच होतो.

त्यापेक्षा मेण बघा. पिठ्याचं अंग पीठ भुरभुरवलेल्या चपट्या दाण्यासारखं असतं आणि कडेला आखूड, एकसारखी झालर असते. अळीचे धागे लांब, वेडेवाकडे, पाठीवरून आणि कुशीतून कसेही लोंबणारे, जणू विस्कटलेली लोकर. लांब शेपटीच्या जातीचा पिठ्याही असतो, पण त्याचे लांब धागे फक्त मागच्या टोकाला असतात. तेवढं तपासलंत तर फसणार नाही.

तरीही शंका असेल तर मऊ ब्रशनं हलकेच ढोसा. पिठ्याची सोंड झाडात रुतलेली असते. तो जागचा हलत नाही, हलला तरी रेंगाळत. अळी सहा पायांवर उठून चालू लागते. उलटी केलीत तर पाय ठळक दिसतात. पिठ्याची नुकती जन्मलेली पिल्लंही भटकतात, पण ती एक मिलिमीटरहूनही लहान आणि जवळजवळ मेणाविना असतात. आजूबाजूलाही नजर टाका. अळी फिरली असेल तिथला कापूस फाटलेला, विस्कटलेला दिसतो.

मी स्वतः एका वसंतात पानामागच्या अशा कितीतरी अळ्या ओल्या बोळ्यानं पुसून टाकल्या होत्या. पुढच्या पंधरवड्यात पिठ्या दुपटीनं वाढला. तेव्हापासून अळी दिसलेल्या फांदीवर मी काहीच फवारत नाही, साबणाचं पाणीसुद्धा नाही. साबण अंगावर पडला तर अळीही मरते. ‘घरगुती’ म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. अळी नसलेल्या फांद्यांवरचा पिठ्या हातानं पुसा, फारच दाटी असेल तर शेंडा छाटा. आणि आधी मुंग्या थांबवा. खोडाभोवती चिकटपट्टी लावा किंवा कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा, तीही भिंतीला किंवा शेजारच्या कुंडीला न टेकवता. मुंग्या हटल्याशिवाय बाकी सगळी मेहनत वाया जाते.

एका टप्प्यावर मात्र ब्रशची परीक्षाही उपयोगी पडत नाही. वाढ पुरी झाली की अळी पानाखाली किंवा खोडाच्या आडोशाला चिकटते आणि त्याच पांढऱ्या आवरणात कोष करते. मग ढोसलं तरी ती चालत नाही. मेलेला मोठा पिठ्या समजून तो कोष खरवडला जातो. पिठ्याच्या मानानं खूप मोठा, एकटाच, आडोशाला चिकटलेला आणि भोवती चिकटा नसलेला पांढरा गोळा दिसला तर हात लावू नका. त्यातून साधारण ४ मिलिमीटरचा गडद भुंगेरा बाहेर येतो, डोक्याशी आणि मागच्या टोकाला नारिंगी. त्याच्या पाठीवर ठिपके नसतात, म्हणून त्यालाही कीड समजून चिरडू नका.