मुलांच्या सायकलीचे माप

मुलांच्या सायकलीचे माप : मुलाच्या उंचीला, आणि त्याहून अधिक त्याच्या पायांच्या लांबीला जुळणारी सायकल निवडण्याची पद्धत. दुकानात हे माप चाकाच्या इंचांत सांगतात : 12, 14, 16, 20, 24. हा आकडा टायरसकट चाकाच्या व्यासाचा, तोही ढोबळ. सीट जमिनीपासून किती उंच आहे, हे त्यावरून कळत नाही. दोन कंपन्यांच्या 16 इंची सायकलींत सीटच्या सर्वांत खालच्या उंचीत काही सेंटिमीटरचा फरक सहज आढळतो, आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला तेवढा फरक पाय टेकणे आणि लोंबकळणे यांतला असतो.

वयावरून निवड करणे त्याहून कच्चे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यांत पाच वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची सुमारे 110 सेंमी आहे, पण निकोप मुलांतही ती साधारण 101 ते 119 सेंमी असते. यांतल्या बुटक्या मुलाला 14 इंची सायकल बरी पडेल, तर उंच मुलाला 20 इंचीसुद्धा चालेल.

खरे माप घरीच घेता येते. मुलाला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे करावे. दोन पायांमध्ये एक पुस्तक आडवे धरून, सीटवर बसल्यासारखे वाटेपर्यंत वर सरकवावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. नवशिक्या मुलासाठी सीट या अंतराइतकी किंवा किंचित खाली हवी, म्हणजे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात. तोल जाताच पाय टेकता येतो, हा भरवसाच मुलाला सायकल शिकवतो. तोल साधला की सीट हळूहळू वर घ्यावी : पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा आणि थांबल्यावर चवडे टेकावेत. सीट कायमची खालीच ठेवली तर गुडघे फार दुमडतात आणि मूल लवकर थकते. मूल सायकलीच्या नळीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिले, तर नळी आणि शरीर यांत दोन-तीन सेंमी तरी जागा हवी. नळी खाली झुकलेली ‘लेडीज’ सायकल या दृष्टीने मुलग्यांनाही सोयीची असते.

आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात. तीच सवय सायकलीलाही लागते. पण सैल सदरा पाडत नाही, मोठी सायकल पाडते. पूर्वी घरात मोठ्यांचीच एक सायकल असे आणि मुले नळीखालून पाय घालून, तिरकी होऊन ती दामटत. ती जिद्द कौतुकाची खरी, पण तिच्यामागे पर्याय नसणे होते. त्यावरून मोठी सायकल शिकायला चांगली, असे ठरत नाही. वाढीसाठी जागा ठेवायचीच असेल, तर सीट आज सर्वांत खाली असताना पाय टेकणारी आणि वर घ्यायला भरपूर वाव असलेली सायकल घ्यावी.

दुकानात दोन गोष्टी विसरल्या जातात. एक वजन : पाच वर्षांचे मूल साधारण 18 किलोचे असते. त्याला 9-10 किलोची सायकल म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्मे किंवा त्याहूनही अधिक ओझे. चढावर आणि पडल्यावर उचलताना ते जाणवते. दुसरी, ब्रेकची मूठ. बोटे पोहोचत नसतील किंवा ती दाबायला जोर पुरत नसेल, तर ब्रेक असून नसल्यासारखा. पुष्कळ मुठींवर एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून मूठ हँडलजवळ आणता येते.

दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी पायडल नसलेली, पायांनी ढकलत चालवायची सायकल मिळते. कार्ल ड्राइस याने 1817 मध्ये जर्मनीत मानहाइम येथे चालवलेले दुचाकी यंत्रही असेच पायडलविना होते. अशा बिनपायडलच्या सायकलीवर मूल आधी तोल शिकते. बाजूला जोडलेली आधाराची छोटी चाके पायडल मारायला शिकवतात, तोल मात्र नाही.

वळताना गुडघे हँडलला लागू लागले, किंवा सीटच्या दांडीवरची कमाल उंचीची खूण दिसू लागली, की सायकल लहान झाली. त्या खुणेपलीकडे दांडी कधीही ओढू नये. ती आत पुरेशी रुतलेली राहत नाही आणि भाराखाली वाकू किंवा मोडू शकते. सायकल धाकट्या भावंडाकडे गेली, की सीट पुन्हा खाली आणावी आणि ब्रेकची मूठही त्याच्या बोटांना जुळवून घ्यावी.